आजीबाईंचा पाहुणचार

शनिवारी भर दुपारी गाडीमास्तरांनी आजीबाई खाऊन टाकल्या. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढे त्यांची जी त्रेधा उडणार आहे ती बघून तुम्हाला त्यांची दया यायची, आणि त्या दिवशी तरी त्यांची तेवढी लायकी नव्हती.

आजीबाई म्हणजे दही. बुटक्या काचेच्या बरणीतलं, तोंडाला पातळ फडकं बांधलेलं, भिंगरीच्या शाळेचं दही. भिंगरी ही गाडीमास्तरांची एकुलती एक मुलगी, चौथीत शिकणारी. शाळा लहानशी, खासगी, एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात भरणारी. तिथे पुस्तकं होती, पण ती शेवटी उघडायची. आधी हात चालवायचे. अपूर्णांक शिकायचे तर पाव कापायचा, क्षेत्रफळ शिकायचं तर वाफे खणायचे, आणि जीव म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर एक जीव सांभाळून दाखवायचा. पहिलीकडे गांडुळं होती, दुसरीकडे मुळे, तिसरीकडे कोंबड्या आणि चौथीकडे आजीबाई. हे विरजण म्हणे शाळा निघाली तेव्हापासून जिवंत होतं. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या दुधात, असं करत करत प्रत्येक चौथीने ते मागून येणाऱ्या चौथीच्या हवाली केलं होतं. दर शुक्रवारी एका मुलाने बरणी घरी न्यायची, शनिवारी संध्याकाळी तिला ताजं दूध द्यायचं आणि सोमवारी सुखरूप परत आणायची. भिंगरी या शाळेत नवीन, म्हणून तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी आली.

शाळेला आणखी एक वेड होतं, तब्येतीचं. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्य, इतक्या भरभर चालायच्या की त्यांच्याशी बोलायचं तर पळावं लागायचं. शाळेच्या आवारात साखर हा शब्द शिवीसारखा दबक्या आवाजात घेतला जाई. मुलं तर बाईंच्या दोन पावलं पुढे. घरी जाऊन आईबापांची झडती घेण्यात त्यांना जो आनंद व्हायचा, तो वाफे खणण्यात नक्कीच होत नव्हता. भिंगरीने पहिल्याच आठवड्यात साखरेचा डबा रिकामा केला आणि त्यात भोपळ्याच्या बिया भरल्या. तिची आई इस्पितळात नर्स, त्यामुळे तिकडून दाद मागायची सोयच नव्हती. "बरोबर आहे तिचं," असं म्हणून ती माउली ड्यूटीवर निघून जायची, आणि गाडीमास्तर बियांकडे बघत बसायचे.

गाडीमास्तर लोकांना मोटार चालवायला शिकवायचे. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, "क्लच, क्लच, अहो क्लच" म्हणत जीव मुठीत धरायचा, असा तो धंदा. दुसऱ्यांना सावध राहायला सांगण्यात जन्म गेलेला माणूस स्वतः मात्र भारी विसराळू होता. "आत्ता करतो" हा त्यांचा आवडता शब्द. सायकलची चेन आत्ता बसवतो, खिडकीचा खिळा आत्ता ठोकतो, तुझ्या नाटकाला आत्ता पोचतो. भिंगरी आधी रुसायची, मग भांडायची. अलीकडे तिने त्यांच्याकडे काही मागणंच सोडून दिलं होतं, आणि ते गाडीमास्तरांना फार लागलं होतं. पोरगी आपल्याला धरतच नाही हिशेबात, हे त्यांना कळत होतं.

म्हणून शुक्रवारी ती बरणी छातीशी धरून आली तेव्हा त्यांनी ठरवलं, यावेळी नाही.

"बाबा, फ्रिजमध्ये ठेवतेय. हात लावायचा नाही."

"अगं, मी कशाला लावतोय?"

"शप्पथ?"

"शप्पथ," गाडीमास्तर म्हणाले, आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणाले. खोटं वागणारी माणसं शपथ घेताना बहुतेक वेळा खरीच असतात.

शनिवारी दुपारी ते घरी आले तेव्हा उन्हाने अंगाचा भाजून पापड झाला होता. सकाळच्या शिष्येने गाडी एका फाटकाच्या खांबाला प्रेमाने टेकवली होती. टेबलावर झाकून ठेवलेलं जेवण होतं, उकडलेलं बीट आणि उकडलेला दुधी. बायको ड्यूटीवर, भिंगरी खाली खेळायला. गाडीमास्तरांनी थंड पाण्यासाठी फ्रिज उघडला. समोर आजीबाई बसलेल्या. वरची साय पिवळसर, सुरकुती पडलेली, तब्येत घट्ट.

एक चमचा. चव बघायला एक चमचा घेतला तर कुणाचं काय बिघडतं? पण चमच्याने खड्डा पडला, आणि खड्डा दिसला असता. तो बुजवायला शेजारचा उंचवटा काढावा लागला. मग बरणी एका बाजूला कललेली दिसायला लागली, तेव्हा दुसरी बाजू समान करणं आलं. मोजमापाच्या या कामात त्यांना खाली गाडीत जाऊन यावं लागलं, कारण गाडीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, हॉटेलांतून जमवलेल्या साखरेच्या पुड्या लपवलेल्या होत्या. साखर पडल्यावर मोजमाप मागेच पडलं. शेवटी बरणीचा तळ दिसला आणि त्या तळात गाडीमास्तरांना स्वतःचा चेहरा दिसला.

इथवर जे झालं ते कुठल्याही भुकेल्या माणसाच्या हातून झालं असतं. बरणीच्या कडांना थोडं दही चिकटलेलं होतं. तेवढं दुधात ढवळलं असतं तरी आजीबाई सकाळपर्यंत पुन्हा उठून बसल्या असत्या. पण सहा महिने भिंगरीने घरात एकच घोषणा लावून धरली होती, "ज्याने खाल्लं त्याने लगेच धुतलं!" शाळेचा नियमच होता तो. गाडीमास्तरांनी तो आजवर एकदाही पाळला नव्हता. आज, अपराधाच्या भरात, पाळला. साबण लावून, गरम पाण्याने, आतून काथ्याने घासून बरणी लख्ख केली, पुसली, उजेडात धरून बघितली, आणि मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पाच मिनिटांत गाडी कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर होती. डब्यातलं दही बरणीत गेलं, फडकं बांधलं गेलं. घाम पुसेपर्यंत भिंगरी वर आली.

संध्याकाळी तिने साग्रसंगीत दूध तापवलं, करंगळी बुडवून कोमट झाल्याची खात्री केली, बरणी उघडली आणि क्षणभर नुसती बघत राहिली.

"काय गं?" गाडीमास्तरांनी विचारलं. आवाज जरा चिरकला.

"काही नाही. आजीबाई आज फ्रेश दिसतायत."

मग तिने चमचाभर दही दुधात ढवळलं, पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि त्याला थोपटून झोपवलं. 

रविवारी सकाळी दही झकास लागलं होतं. गाडीमास्तरांना वाटलं, सुटलो. चहा घेता घेता भिंगरी म्हणाली, "उद्या येतोयस ना बाबा? सत्राचा शेवटचा दिवस आहे. पालकांसमोर प्रयोग आहे आमचा. दुकानातलं दही आणि आजीबाई. डोळे बांधून ओळखायचं."

"दुकानातलं म्हणजे कुठल्या दुकानातलं?"

"आपल्या कोपऱ्यावरच्या डेअरीतलं," भिंगरी म्हणाली आणि बिया चावू लागली.

गाडीमास्तरांना चहा कडू लागला. एकाच डेअरीचं दही दोन वाट्यांत. सगळ्या शाळेसमोर दोन्ही वाट्या एकसारख्या निघणार, आणि सगळ्या शाळेसमोर भिंगरीच्या घरी आजीबाई मेल्या हे उघड होणार. नवीन पोरगी, एवढ्या महिन्यांनी मिळालेली पाळी, आणि बापाने ती साखर घालून खाल्लेली. यानंतर ती आपल्याशी भांडणारसुद्धा नाही, हे त्यांच्या मनात आलं आणि ते उठलेच.

"एक रविवारची शिकवणी आहे," ते म्हणाले. "आत्ता येतो."

बेत साधा होता. आजीबाई ज्या ज्या घरी राहून गेल्या, त्या त्या घराने थोडं विरजण ठेवून घेतलं होतं. पालकांच्या ग्रुपवर तर रोज वाट्यांचे फोटो पडायचे. सगळ्यांत पुढे दातांच्या बाई, म्हणजे दातांच्या डॉक्टरीण. दवाखाना खाली, घर वर, आणि मुलगा चष्मिस भिंगरीच्या वर्गात. 'आमच्याकडे अजूनही तीच! काय घट्ट, काय चव!' असं त्यांनी परवाच लिहिलं होतं. त्यांच्याकडून चमचाभर मागायचं, की काम फत्ते.

"आमच्याकडची जरा आंबटली," गाडीमास्तर दारातच म्हणाले. "थोडी तुमच्याकडची मिळाली तर..."

"हो हो, का नाही," दातांच्या बाई म्हणाल्या, पण बसा म्हणाल्या नाहीत, आत गेल्या नाहीत, आणि हसल्या ते नुसत्या पुढच्या दातांनी. "म्हणजे, आत्ताच हवी का?"

कोपऱ्यात चष्मिस पुस्तकात नाक खुपसून बसला होता. तेवढ्यात जिन्यावरून त्यांचे यजमान हाशहुश करत वर आले. त्यांच्या हातात कोपऱ्यावरच्या डेअरीचा डबा होता. "हे घे बाई तुझं दही," ते म्हणाले. "आता काढ फोटो."



दातांच्या बाईंनी गाडीमास्तरांना जिन्यात ओढलं. "फोन आला होता हो," त्या कुजबुजल्या. "पेशंटची दाढ ठणकत होती. बोलता बोलता मी विरजण उकळत्या दुधात घातलं. आजीबाई भाजल्या. कुणाला सांगू नका. मोठ्या बाई माझ्या मुलाला आदर्श विद्यार्थी म्हणतात."

"मी खाल्ली," गाडीमास्तर म्हणाले. "साखर घालून."

दातांच्या बाईंच्या डोळ्यांत आधी दहशत उमटली आणि मग बंधुभाव. "तुमच्या आधी आमच्याकडे होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही जी खाल्लीत ती..."

"दुकानातली."

"पण आमच्या आधी विमावाल्यांकडे होती. खरी तिथे असेल. चला, मी येते. उद्या माझंही नाक कापलं जाईल."

डोक्यावर शिकाऊ गाडीचा फलक मिरवत दोघं निघाले. दातांच्या बाई गाडीमास्तरांच्याच जुन्या शिष्या. त्या जादा ब्रेकच्या बाजूला बसल्या होत्या आणि मोठ्या बाईंचं नाव निघालं की पाय दाबत होत्या, त्यामुळे गाडी चौकाचौकात उचक्या देत चालली होती.

विमावाल्यांनी दार उघडलं, दोघांचे चेहरे पाहिले आणि काही विचारायच्या आतच हात जोडले. "आमच्या सासूबाई," ते म्हणाले. आत खुर्चीत सासूबाई केस मोकळे सोडून वाळवत बसल्या होत्या. केस मोठे मऊ आणि चमकदार होते. "त्यांना वाटलं, डोक्याला लावायला आणलंय. सगळी बरणी लावली हो. मी नाहणीच्या दारात उभा राहून ओरडतोय, आणि आजीबाई मोरीतून वाहून गेल्या."

"मग?"

"मग काय? कोपऱ्यावरची डेअरी."

सगळ्या गावाला अपघाताची हमी विकणारा हा माणूस रडवेला झाला होता. त्याने सांगितलं की त्याच्याही आधीच्या घरी विचारून झालं होतं, आणि तिथेही कुत्र्याने बरणी चाटली होती. तिघंही सोफ्यावर ओळीने बसले. शाळेने मुलांना जीव सांभाळायला दिला होता, आणि एका घरातून दुसऱ्या घरात इमानेइतबारे फिरत होता तो डेअरीचा डबा.

"उद्याच्या प्रयोगाला दुकानातलं दही कोण आणणार आहे?" गाडीमास्तरांनी अचानक विचारलं.

"मीच," दातांच्या बाई म्हणाल्या. "मोठ्या बाईंनी मलाच सांगितलंय."

"मग ते कोपऱ्यावरचं आणू नका. गावाच्या पार दुसऱ्या टोकाचं आणा. जितकं पातळ आणि आंबट मिळेल तितकं आणा."

विमावाल्यांनी डोळे पुसले आणि गाडीमास्तरांचा हात हातात घेतला. पोरांना फसवायचा एवढा पक्का कट तीन सुशिक्षित माणसांनी क्वचितच केला असेल. गाडीमास्तर शीळ घालत घरी गेले.

सोमवारी सकाळी पालक वर्गात जमले. कारखान्याच्या त्या जाड भिंतींच्या खोलीत बाकं मुलांच्या मापाची होती, त्यामुळे सगळ्या बाप्यांचे गुडघे हनुवटीला लागले होते. भिंगरीने बरणी आणून दिली होती, मुलं ती घेऊन मागच्या खोलीत जाऊन वाट्या भरून आली होती, आणि आता टेबलावर दोन वाट्या शेजारी शेजारी होत्या. मोठ्या बाई ताठ उभ्या होत्या.

"एकीत बाजार आहे," त्या म्हणाल्या, "आणि एकीत मुलांची मेहनत. जिभेला फरक कळतो. कोण येतंय?"

"माझा बाबा," भिंगरी म्हणाली.

गाडीमास्तर उठले. डोळ्यांवर रुमाल बांधला गेला. पहिला चमचा तोंडात गेला आणि त्यांचा जबडा आवळला. पाणचट, आंबटढाण. शाब्बास दातांच्या बाई, ते मनात म्हणाले. आता दुसरा चमचा, म्हणजे कोपऱ्यावरची डेअरी. ओळखीची चव यायची आणि आपण म्हणायचं, वा, याच त्या आजीबाई.

दुसरा चमचा आला. ओळखीची चव आली नाही. दाट, रेशमी, आधी गोडसर आणि मग जिभेच्या कडांना हळूच चिमटा काढणारं असं ते काहीतरी होतं. गाडीमास्तर गिळायचं विसरले.

"ही ती नव्हे!" ते ओरडले.

 रुमालाच्या आत गाडीमास्तरांना आपण काय बोलून बसलो ते कळायला थोडा वेळ लागला.

"ती नव्हे म्हणजे?" मोठ्या बाईंचा आवाज आला. "ती कशी लागते हे तुम्हाला काय माहीत?"

"काहीतरी गोंधळ झालाय, बघू इकडे," दातांच्या बाई मदतीला धावल्या. त्यांनी चमचा घेतला, चाखला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अय्या, खरंच की. आमच्याकडची अशी नव्हती."

"आणलंत तरी कुठून हे?" विमावाल्यांनी बोट घालून चाटलं आणि तेही फसले. मग एकेक पालक उठला, एकेकाने चाखलं, आणि प्रत्येकाच्या तोंडून तेच निघालं. गाडीमास्तरांनी रुमाल काढला तेव्हा चौथीची सगळी मुलं एकमेकांच्या खांद्यात तोंडं लपवून गदगदत होती.

"चष्मिस," मोठ्या बाई म्हणाल्या, "उभा राहा. काय प्रकार आहे?"

चष्मिस उभा राहिला. "बाई, हीच ती. खऱ्या आजीबाई ह्याच. घरी जाते ती ती नसते."

"म्हणजे?"

"घरी डेअरीची पाठवतो आम्ही. शुक्रवारी भरतो आणि सोमवारी ओतून टाकतो. आमच्या आधीची चौथी पण असंच करायची. त्यांनीच सांगितलं आम्हाला, पालकांच्या हातात खरी द्यायची नाही. खरी मागच्या बर्फाच्या खोलीत असते. रंगांच्या डब्यांमागे."

पालकांच्या बाकांवरून एक लांब सुस्कारा आला. गाडीमास्तर मनात हिशेब जुळवू लागले. म्हणजे त्यांनी डेअरीचं दही चोरून खाल्लं होतं, त्या जागी डेअरीचंच दही ठेवलं होतं, आणि मधल्या दोन दिवसांत त्यांना लागलेली धाप तेवढी अस्सल होती.

"आणि हे मला का नाही सांगितलंत?" मोठ्या बाई कडाडल्या. "मी काय पालक आहे?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी विमावाल्यांची मुलगी हळूच म्हणाली, "सांगणारच होतो बाई. पण मागच्या मोठ्या सुट्टीत तुम्ही नेली होतीत ना बरणी? परत आली तेव्हा ती गोड होती."

"आणि गुलाबी," मागून कुणीतरी म्हणालं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा काढला. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच कुठेही न जाता एका जागी उभ्या होत्या.

"खरीला सुट्टीत दूध कोण देत होतं?" त्यांनी मवाळपणे विचारलं.

"आम्ही. कुंपणावरून उड्या मारून यायचो. बाटलीत कोमट दूध घेऊन."

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा मुलांनी सगळं सांगून टाकलं. दर सोमवारी ज्याच्या घरी बरणी गेली होती त्याने आपल्या घरी काय झालं ते वर्गाला सांगायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. खरा प्रयोग तो होता. चष्मिसने आईचं उकळतं दूध सांगितलं, विमावाल्यांच्या मुलीने आजीचे केस सांगितले, आणि कुत्र्याच्या गोष्टीला तर टाळ्या पडल्या. आईबाप लाल होत होते आणि दुसऱ्याच्या पाळीला सगळ्यांत मोठ्याने हसत होते.

"आज भिंगरीची पाळी," चष्मिस म्हणाला. "भिंगरे, तुझ्याकडे काय झालं?"

गाडीमास्तरांनी मान खाली घातली. आता साखरेच्या पुड्यांपर्यंत सगळं निघणार. निघू दे, लायकीच ती.

भिंगरी उभी राहिली. तिने बाबांकडे एकदा पाहिलं.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "माझ्या बाबाने हात पण नाही लावला. मीच त्याला एक चमचा चाखायला दिला, म्हणून त्याला चव माहीत. बाकी त्याने नीट सांभाळली."

"हॅट!" चष्मिस म्हणाला. असा पालक मुलांनी अजून पाहिलाच नव्हता. मग एकाने टाळी वाजवली आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. भिंगरीचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती.

दातांच्या बाईंनी तोंड उघडलं. विमावाल्यांनीही उघडलं. रविवारी जिन्यात आणि सोफ्यावर काय काय कबूल झालं होतं ते दोघांनाही पाठ होतं. गाडीमास्तर त्यांच्याकडे बघू शकले नाहीत. दातांच्या बाईंची नजर भिंगरीवर गेली, जरा वेळ तिथेच राहिली, आणि त्यांनी तोंड मिटलं. विमावाल्यांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि विषय तिथेच संपवला.

"उद्यापासून सुट्टी," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज परत जागेवर आला होता. "कुंपणावरच्या उड्या बंद. खऱ्या आजीबाई सुट्टीभर एकाच घरी राहतील. ज्या घरी विश्वासाचा माणूस आहे, त्या घरी." आणि त्यांनी मागच्या खोलीतून आणलेली ती जुनी, चिरेला मेण लावलेली बरणी गाडीमास्तरांच्या हातात ठेवली. पुन्हा टाळ्या झाल्या. गाडीमास्तरांना आयुष्यात एवढी जड वस्तू कुणी दिली नव्हती.

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवलीच नाही. बरणी मांडीवर घेऊन ते समोर बघत बसले. शेजारी भिंगरी.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"शनिवारीच. बरणी चकचकीत होती. बाबा, तू घरात कधी काही धुतलंयस?"

गाडीमास्तरांनी आठवून पाहिलं आणि मान हलवली. "मग खोटं का बोललीस?"

भिंगरी खिडकीबाहेर बघायला लागली. "चष्मिसने त्याच्या आईचं सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीपण हसले. पण तुला हसले असते तर मला नसतं आवडलं."

 एवढी माया या पोरीच्या मनात आपल्यासाठी शिल्लक आहे, हे गाडीमास्तरांना माहीतच नव्हतं. "चुकलो मी, भिंगरे," ते म्हणाले. पुढे सबब जोडली नाही.

"चुकलासच."

"आता तरी आहे ना विश्वास माझ्यावर?"

"नाही," भिंगरी म्हणाली. तिने त्यांच्या मांडीवरची बरणी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. "पण वर्गाचा बसलाय. बाईंचापण बसलाय. मी आत बोलले ते खोटं होतं बाबा. सुट्टी संपेपर्यंत ते खरं करून दाखवायचं काम तुझं."

गाडीमास्तरांनी डोळे पुसले, आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली. घरापर्यंत ती त्यांनी इतकी सावकाश नेली की मागून सारखे हॉर्न वाजत होते.